चोरबाजार ते भायखळा : महायुद्धाच्या खुणा शोधण्यासाठी एक शुक्रवार

या फेरीसाठी शुक्रवारच निवडावा. मटण स्ट्रीटवरची पक्की दुकाने त्या दिवशी बंद असली तरी उजाडायच्या सुमारास रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. नंतर जिथे जायचे ते मशीद बंदरचे खलाशांचे वसतिगृहही कामाच्या दिवशीच गाठायला हवे. आम्ही घेतलेला मार्ग असा : चोरबाजार, मशीद बंदर, पी. डिमेलो रोडने गोदीच्या भिंतीकडेने सँडहर्स्ट रोड स्टेशन, तिथून हार्बर लोकलने रे रोड, आणि शेवटी टॅक्सीने भायखळा. पावसाळ्यात जाऊ नये. माल ताडपत्रीखाली असतो, आणि ओल्या धातूवरची अक्षरे नीट वाचता येत नाहीत.

पिशवीत दहापट भिंग, व्हर्निअर कॅलिपर, लहान लोहचुंबक, ग्रॅमचा दशांश दाखवणारा खिशातला काटा, टॉर्च, मऊ सुती कापड आणि वही असावी. सोबत सुट्या नोटा ठेवाव्यात. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत वीसेक मिनिटे लागतात, सँडहर्स्ट रोडवरून त्याहून थोडी कमी. सहाला पोचलो तर टॉर्च लागतेच. नऊच्या आत बाहेर पडावे, कारण त्यानंतर गर्दी वाढत जाते आणि दुपारच्या नमाजाच्या वेळी त्या गल्ल्यांत थांबून काही पाहणे शक्य नसते.

रस्त्यावर अंथरलेल्या चादरीवर कुलपे, चष्म्यांच्या काड्या, घड्याळांचे पट्टे यांच्या ढिगात मेडल सापडते. ते उचलल्यावर आधी कड वाचावी, राजाचे तोंड नंतर पाहावे. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे, ३६ मिलिमीटर व्यासाचे. त्याच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. महाराष्ट्रातल्या वाचकाने १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ हे आकडे पाठ करावेत. या मराठा पलटणी १९२२च्या फेररचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेल्या. त्यांतल्या १०३, ११० आणि ११७ या मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कूतच्या वेढ्यात होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. त्यामुळे यांपैकी एखादा आकडा कडेवर दिसला, तर ते मेडल घरी नेऊन नावाचा माग काढण्याजोगे असते. हेच मेडल काशाचेही दिसते. ते मजूर तुकड्यांना आणि अशाच बिनलढाऊ लोकांना दिलेले असते, म्हणून काशाचे दिसले की खोटे ठरवून टाकून देऊ नये. माझ्या मते तेच जास्त जपावे, कारण त्या माणसांची आठवण ठेवणारे फार कमी उरले आहे.

चांदीच्या मेडलची खरी शत्रू भट्टी. त्यात जवळपास तीस ग्रॅम चांदी असते, आणि १९८०च्या सुमारास चांदीचा भाव भडकला तेव्हा अशी मेडले मोठ्या प्रमाणावर वितळली. आजही विक्रेता आधी चांदीचा भाव मनात धरतो आणि मग बोलतो. घासाघीस त्याच्या वरच्या रकमेपुरतीच होते, हे ओळखून बोलणी करावीत.

फसवणूक कडेवरच होते. जुने नाव कानशीने घासून काढतात आणि त्यावर प्रसिद्ध पलटणीचे नाव कोरतात. कॅलिपरने व्यास चार-पाच वेगवेगळ्या दिशांनी मोजावा. सगळीकडे सारखा न येता एखाद्या ठिकाणी ०.३–०.४ मिलिमीटर कमी आला, तर तिथे कानस फिरली आहे. भिंगाखाली ठोकलेल्या अक्षराच्या काठाला धातू किंचित उचललेला दिसतो, कोरलेल्याला हत्याराचा चकचकीत चर दिसतो, आणि लेझरच्या अक्षराचा तळ काळपट, खरखरीत असतो. मात्र कोरलेले म्हणजे खोटे असे नाही. काही जुनी मेडले कोरूनच दिलेली आहेत. अक्षरांचे वय आणि बाकीच्या पृष्ठभागाचे वय जुळते का, एवढेच पाहायचे.

दुसऱ्या महायुद्धाचे तारे, म्हणजे बर्मा स्टार, आफ्रिका स्टार, १९३९–४५ स्टार, तांबे-जस्ताच्या मिश्रधातूचे आणि सहा टोकांचे असतात. ब्रिटनमधल्या सैनिकांना ते बिननावाचे मिळाले, तर भारतीयांना दिलेल्यांवर नाव घातलेले असते. त्यामुळे मुंबईत मिळालेल्या ताऱ्याची मागची बाजू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अस्सल तारा साच्यात ठोकलेला असतो. ओतीव नकलेत राजमुकुटाच्या बारीक रेषा लोण्यासारख्या वितळलेल्या दिसतात आणि टोकांजवळ सुईच्या अग्राएवढी भोके असतात. चुंबक एकाही खऱ्या ताऱ्याला चिकटत नाही. रिबन नवी असली म्हणून काही बिघडत नाही, कापड बदलत आले आहे.

चोरबाजाराला मशीद बंदरशी जोडणारेही एक मेडल आहे. व्यापारी जहाजांवरच्या खलाशांना मिळालेले मर्कंटाइल मरीन वॉर मेडल काशाचे असते. रिबन हिरवी, पांढरी, तांबडी, म्हणजे जहाजाच्या दोन बाजूंच्या आणि डोलकाठीवरच्या दिव्यांचे रंग. कडेवर फक्त नाव. क्रमांक नाही, जहाज नाही. त्यामुळे त्याचा माग काढणे सर्वांत अवघड आणि विक्रेत्याला त्याची किंमत सर्वांत कमी. कोकणच्या किनाऱ्यावरून किती माणसे या जहाजांवर गेली हे लक्षात घेतले, तर हे मेडल दिसेल तिथे घ्यावे.

पितळी वस्तूंबाबत एकच उदाहरण पुरे. ‘केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७’ असे कोरलेला सेक्स्टंट (जहाजावरून सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचे उपकरण) किंवा होकायंत्र हमखास पुढे येते. या नावाची जोड-कंपनी १९४७ साली झाली, तेव्हा १९१७ हे वर्ष अशक्यच. रुरकीत अशी पितळी उपकरणे शोभेसाठी बनतात आणि मग चिखलात पुरून जुनी केली जातात. हिरवा गंज नखाने खरवडून निघाला तर तो रसायनाचा, खरा गंज धातूत रुजलेला असतो. टिफीन, मग, पाण्याची बाटली, पट्टे यांवर बाणाचे चिन्ह आणि त्याखाली इंग्रजी ‘आय’ असेल, तर ती भारतातल्या सरकारी साठ्याची वस्तू. शेजारी वर्षही ठोकलेले असते.

काडतुसे, तोफगोळे, हातबाँबची कवचे यांना हातही लावू नये. जिवंत काडतूस परवान्याशिवाय बाळगणे हा शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा आहे. काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर (जिथे घोडा आपटतो) खळगा दिसला म्हणून ते उडालेले आहे असे धरू नये, कारण चुकलेल्या काडतुसावरही खळगा असतो. जुन्या विमानांच्या वा जहाजांच्या काळ्या डायलवरचा हिरवट-पिवळा रंग रेडियमचा असू शकतो. अंधारात तो चमकत नाही म्हणजे संपला असे नव्हे. चमक देणारे जस्ताचे संयुग झिजते, रेडियमचा किरणोत्सर्ग मात्र शेकडो वर्षे राहतो. काच उघडू नये, रंग खरवडू नये. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२च्या पुरातन वस्तू कायद्याखाली येऊ शकते, त्यामुळे ती परदेशातल्या नातेवाइकाला पाठवायचा विचार सोडून द्यावा.

मशीद बंदर स्टेशनजवळच्या इंडियन सेलर्स होम या खलाशांच्या वसतिगृहापर्यंत पायी जाता येते. ही चालती-बोलती संस्था आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे. फाटकावर नाव सांगून, स्मारकासाठी आलो आहोत असे स्पष्ट बोलून परवानगी घ्यावी. शक्य असल्यास आधी पत्र द्यावे. इथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, कबर नसलेल्या २,०००हून अधिक भारतीय नाविकांचे स्मारक आहे, रॉयल इंडियन मरीन आणि व्यापारी जहाजे अशा दोन्हींकडचे. दुसऱ्या महायुद्धातल्या ६,०००हून अधिक नाविकांची नावे बांधीव ग्रंथात आहेत. त्याची एक प्रत इथे असते आणि दुसरी चितगावच्या युद्धस्मशानभूमीत.

नाव शोधायचे तर घरून तयारी करून जावे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नोंदवही इंटरनेटवर मोफत पाहता येते. तिच्यात पहिल्या युद्धाच्या नोंदी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्याच्या ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातल्या आहेत. आडनावाने शोधण्यात वेळ वाया जातो, कारण भारतीय नावे तिथे जशी ऐकली तशी इंग्रजीत उतरवली आहेत. एकाच गणपतची चार स्पेलिंगे सापडतील. सैनिक असेल तर क्रमांकाने शोधावे. खलाशी असेल तर स्मारकाचे नाव धरून बापाचे नाव आणि गाव जुळते का ते पाहावे. आणि एक महत्त्वाचे : ही नोंदवही फक्त मृतांची आहे. मेडलवरचे नाव तिथे नसेल, तर बहुतेक तो माणूस घरी परत आला.

तिथून पी. डिमेलो रोड. उजव्या हाताला गोदीची भिंत आणि रंगांच्या नावांची फाटके. आत प्रवेश पासशिवाय नाही, फाटकांचे फोटो काढू नयेत. आत जाऊनही जुनी व्हिक्टोरिया गोदी दिसणार नाही, ती आणि प्रिन्सेस गोदी बुजवली गेली आहे. तरीही भिंतीकडेने चालण्याला अर्थ आहे, कारण १४ एप्रिल १९४४चा गोदीतला स्फोट समजायला अंतर पायाखालून जावे लागते. ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज १२ एप्रिलला कराचीहून आले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती, ३१ पेट्यांत सोन्याच्या १२४ विटा होत्या, आणि कराचीत कापसाच्या हजारो गासड्या चढवल्या होत्या. जहाजाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या मालकोठारात स्फोटकांच्या वर-खाली कापूस होता. सगळा घात इथेच झाला. दाबलेल्या कापसाची आग आतून धुमसते, वरून ओतलेले पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही. दुपारी दोनच्या सुमारास बंब कामाला लागले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मृतांचे आकडे ८००पासून १,३००पर्यंत सांगितले जातात. गाळ काढताना सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षे मिळत राहिल्या.

‘१९४४च्या स्फोटाचा तुकडा’ म्हणून बाजारात विकले जाणारे वाकडे लोखंड घेऊ नये. कुठल्या घराच्या गच्चीत पडले, कोणी उचलले, ही लेखी नोंद सोबत असेल तरच त्याला अर्थ आहे.

सँडहर्स्ट रोडवरून हार्बरने दोन स्टेशने, रे रोड. तिथल्या दारूखाना या भागातली जहाजतोडीच्या मालाची दुकाने बाहेरून पाहावीत. जाड तळव्याचे बूट घालावेत. पांढऱ्या तंतूंचे आवरण असलेले पाइप, जुनी पॅकिंगे घेऊ नयेत, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. १९७१च्या युद्धातली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ १९९७ला निवृत्त झाली आणि २०१४मध्ये इथेच तोडली गेली. तिचा तुकडा म्हणून कोणी प्लेट दाखवली तर हात जोडावेत. तिच्या पोलादाचे स्मारक २०१६पासून नौदल गोदीच्या लायन गेटजवळ रस्त्यातच उभे आहे, तेवढे पुरे.

शेवटचा थांबा भायखळ्याचे अग्निशमन दलाचे मुख्यालय, बापूराव जगताप मार्ग. १४ एप्रिल १९४४च्या आगीत दलाचे ६६ जवान गेले, त्यांचे स्मारक इथे आहे. दरवर्षी १४ एप्रिलला मानवंदना दिली जाते, आणि अग्निशमन सप्ताह देशभर याच तारखेपासून सुरू होतो. एरवी जायचे तर पहारेकऱ्याला विचारूनच आत पाऊल टाकावे. बंब निघायच्या वाटेत उभे राहू नये.

घरी आल्यावर मेडल ब्रासोने घासू नये. प्रत्येक घासण्यात कडेवरचे नाव झिजते. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून हलके धुवावे, लगेच कोरडे करावे, पण रिबन आधी काढून ठेवावी. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवले तर काही वर्षांत हिरवा चिकट थर चढतो. आम्लविरहित कागद आणि सिलिका जेलची पुडी वापरावी, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती पुडी दर पंधरा दिवसांनी वाळवावी. चामड्याचे पट्टे जुलै-ऑगस्टमध्ये कपाटात बंद ठेवले की बुरशी ठरलेलीच.

शिवडीच्या दफनभूमीत पहिल्या महायुद्धातल्या कबरी शोधायला बरेच जण जातात आणि हात हलवत परततात. तिथल्या ६२९ सैनिकांचे अवशेष जून १९६२मध्ये खडकीच्या युद्धस्मशानभूमीत हलवले आहेत, आणि त्यांची नावे तिथल्या स्मारकावर आहेत. त्यासाठी पुण्याची सकाळची गाडी धरावी आणि वेगळा दिवस राखून ठेवावा.