तुम्ही विचारलंत म्हणून: स्ट्रक्चरल इंजिनिअर कसं व्हायचं?

बारावीचा निकाल लागला की कोणी ना कोणी मुलाला घेऊन येतं. 'हिच्यासारखं स्ट्रक्चरल इंजिनिअर व्हायचंय याला. कोणतं सॉफ्टवेअर शिकावं?' सॉफ्टवेअर! ईटॅब्स सहा महिन्यांत हाताखाली येतं हो. सिव्हिलची चार वर्षं, गेटची प्रवेशपरीक्षा देऊन स्ट्रक्चर्समध्ये एमटेकची दोन, मग कोणाच्या तरी ऑफिसात सळयांची शेड्यूल्स तपासत काही वर्षं, मग पालिकेचं लायसन्स. एवढ्यावर त्यांचं समाधान होतं. माझं होत नाही.

लायसन्स नवीन होतं तेव्हा दादरच्या एका जुन्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी केली. तळमजल्याच्या कॉलमचं प्लास्टर फोडलं, तर गंजाचे पापुद्रे बोटाने निघत होते. १६ एमएमची सळई १२ वर आलेली. चारच मिलिमीटर वाटतात, पण पोलाद ४४ टक्के गेलेलं असतं. फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन फवारलं. चांगलं काँक्रीट लगेच गुलाबी होतं. इथे सळईच्या मागेपर्यंत रंगच नाही. मी सी-१ लिहिलं. म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करा.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी माझा हात धरून विचारलं, 'बाळा, टेकू लावून नाही का गं भागणार?' मी नाही म्हणाले. त्या नालासोपाऱ्याला भाड्याच्या खोलीत गेल्या. पुनर्विकास रखडला. त्या तिथेच वारल्या.

इमारत पाडताना मी मुद्दाम गेले होते. एक कॉलम ब्रेकरला दाद देईना. अखेर फुटला, तेव्हा तुकडा उचलून फवारा मारला. आतून गर्द गुलाबी.

गाभा गुलाबी असणारच. कार्बन डायऑक्साइड बाहेरून आत शिरतो, तो पोचला तिथे काँक्रीट गुलाबी होत नाही आणि सळई गंजू लागते. आणि सळया कडेलाच असतात. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आजही सांगते. पण २२ कॉलमपैकी मी ६ तपासले होते. उरलेल्यांना जॅकेटिंग करून, म्हणजे भोवती नव्या सळया-काँक्रीटचं आवरण घालून, दहा वर्षं निघाली असती का? २०१७ साली घाटकोपरला इमारत कोसळून १७ माणसं गेली, त्या दिवशी माझा रिपोर्ट बरोबर वाटला. आजींच्या मुलाचा फोन आला की चुकीचा वाटतो.

परवा अशाच एका मुलीला साइटवर नेलं. हातोडीने कॉलम वाजवून दाखवला, पोकळ आवाज आला. मी वहीत लिहीत होते. तिने हातोडी घेतली आणि न सांगता पुढचा कॉलम वाजवला, मग त्याच्या पुढचा.