आधी फाईल, मग फरशी

“जुना फ्लॅट घ्यायचा, चकाचक करायचा नि विकायचा. सुटतात किती गं यात?” हा प्रश्न मला आता लग्नाच्या पंगतीतही विचारतात. विचारणाऱ्याने अमेरिकेतल्या जोडप्यांचे व्हिडिओ पाहिलेले असतात. भिंत हातोड्याने पाडायची, पांढरंशुभ्र स्वयंपाकघर करायचं, दारात पाटी लावायची, की चेक हातात. तिकडे या धंद्यात एक ठोकताळाही आहे: दुरुस्तीनंतर घराची जी किंमत येईल तिचे ७० टक्के काढायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा आणि उरेल त्याच्यावर एक रुपया मालकाला द्यायचा नाही. पुण्याच्या सहकारनगरातल्या एखाद्या मालकाला हे सांगून बघा. चहासुद्धा मिळणार नाही.

मी आधी बरीच वर्षं एका वकिलांकडे दस्त तयार करायचं काम करत होते. माझा मोठा भाऊ जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं घेतो. धंदा सुरू केला तो याच दोन भांडवलांवर, पैसे नंतर आले. म्हणून मी जे लिहिते आहे ते पुण्यातल्या पंचवीस-तीस वर्षं जुन्या सोसायट्यांमधल्या वन बीएचके-टू बीएचकेपुरतं समजा. मुंबईचं गणित वेगळं, गावातल्या घरांचं त्याहून वेगळं.

पहिली गोष्ट सरकारची. पुणे महापालिकेच्या हद्दीत फ्लॅट पुरुषाच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्क ७ टक्के, बाईच्या नावावर ६ टक्के. नोंदणी फी वेगळी, तीस हजारांच्या कमाल मर्यादेत. त्यामुळे आमचे सगळे व्यवहार माझ्या नावावर होतात आणि दादा त्याला ‘आमची घरगुती लाडकी बहीण योजना’ म्हणतो. या सवलतीला पूर्वी अट होती की पंधरा वर्षं तो फ्लॅट पुरुषाला विकायचा नाही. ती अट २०२३ मध्ये काढली. नसती काढली तर मी आजही दस्तच टाईप करत बसले असते.

आता हिशोब बघा. आकडे समजण्यापुरते आहेत, पण खऱ्याच्या जवळचे आहेत. फ्लॅट ६० लाखांचा. मुद्रांक शुल्क ३ लाख ६० हजार, नोंदणी ३० हजार. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य, जे महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर घेता येत नाही (मागणारे मागतात), एजंटाचे ६० हजार, वकील, जाहीर नोटीस, मेंटेनन्स, वीजबिल मिळून ३५ हजार. दुरुस्ती ६ लाख. कर्ज ४५ लाखांचं, साडेआठ टक्क्यांनी, म्हणजे सहा महिन्यांचं व्याज एक लाख नव्वद हजारांच्या आसपास. बेरीज ७३ लाख. बँक मुद्रांक आणि नोंदणीसाठी कर्ज देत नाही, त्यामुळे कर्ज सोडून उरलेले २८ लाख आपल्या खिशातले.

हाच फ्लॅट ७८ लाखांना गेला आणि एजंटाला एक टक्का दिला तर हातात सव्वाचार लाख, तेही आयकराच्या आधीचे. ७५ लाखांना गेला तर सव्वा लाख. आणि ७५ लाखांनाच गेला पण सहाऐवजी बारा महिन्यांनी, तर पदरचे घालावे लागतात. भिंतीला कोणता रंग दिला याने यातला एकही आकडा हलत नाही. आपल्या हातून हलतात त्या दोनच गोष्टी, खरेदीची किंमत आणि व्याजाचे महिने.

मग खरेदीची किंमत खाली येते कुठे? चांगल्या फाईलच्या फ्लॅटमध्ये येत नाही. तिथे स्वतः राहायला येणारं गिऱ्हाईक आपल्यापेक्षा जास्त पैसे देतं, आणि द्यावेतच त्याने. किंमत खाली येते ती ज्या फ्लॅटच्या कागदांत काहीतरी अडकलेलं आहे तिथे. वडील जाऊन आठ वर्षं झालीत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून त्यांच्याच नावावर आहे, मूळ करारनामा बँकेच्या कोणत्या लॉकरमध्ये होता ते कुणाला आठवत नाही, आणि एक मुलगी न्यू जर्सीत. अशा फ्लॅटवर बँक कर्ज देत नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून मुलंही कागदांच्या मागे लागत नाहीत. कुलूप मात्र घट्ट.

असाच एक फ्लॅट आम्ही घेतला. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आपण तिसऱ्यावर. थोरला मुलगा नॉमिनी होता आणि त्याची प्रामाणिक समजूत होती की नॉमिनी म्हणजे मालक. त्याला चहाबरोबर समजावून सांगितलं की सोसायटी तुम्हाला तात्पुरता सभासद करून घेईल, पण विकायला तिन्ही भावंडांच्या सह्या लागतील. ऐकून घेतलं त्याने, पण नंतर स्वतःच्या वकिलालाही विचारून आला. बरं केलं.

विसार दिला, विसार पावतीत मुदत लांब घेतली आणि कोणते कागद कोणी आणायचे ते त्यातच लिहिलं. मूळ शेअर सर्टिफिकेट हरवलेलं, म्हणून पोलिसांकडे गहाळ झाल्याची तक्रार, हमीपत्र, मग सोसायटीकडून डुप्लिकेट. करारनाम्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून. बहिणीचं कुलमुखत्यारपत्र तिने तिकडच्या भारतीय वकिलातीत सही करून पाठवलं. असा कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. शिवाय ती परदेशी रहिवासी, त्यामुळे तिच्या हिश्श्यावर घेणाऱ्याने नेहमीचा एक टक्का टीडीएस कापून भागत नाही. दर बराच चढा असतो, आणि आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र तिने आधी काढलं नाही तर तिचे पैसे रिटर्न भरेपर्यंत अडकतात. नेमकं याच टप्प्यावर भावंडांत तू-तू मैं-मैं होते.

हे सगळं चाललं तेव्हा आमचा फक्त विसार गुंतलेला होता. कर्ज उचललेलं नव्हतं, व्याजाचा मीटर बंद होता. फाईल सरळ झाली त्या दिवशी खरेदीखत केलं आणि त्या दिवशीच तो फ्लॅट आम्ही दिलेल्या किमतीपेक्षा महाग झालेला होता. दादाचा हातोडा तोवर आतही गेला नव्हता.

काही एजंट इथेच थांबायला सांगतात. “ताई, खरेदी कशाला करता? विसारावरच फिरवा की पुढे.” मुद्रांक वाचतो हे खरं, पण मालक मुदतीनंतर फिरला, पुढचा घेणारा फिरला, तर मध्ये आपण. मी करत नाही.

दुरुस्तीबद्दल दादाला लिहायला सांगितलं होतं. तो म्हणाला, “लिही, आधी पाणी.” म्हणजे संडास-बाथरूमचं वॉटरप्रूफिंग. जुन्या इमारतींत लोखंडी जीआय पाइप आतून गंजून बोळा झालेले असतात. ते पूर्ण काढून सीपीव्हीसीचे प्लॅस्टिक पाइप, बाथरूमचा सनकन स्लॅब (मुद्दाम खाली घेतलेला भाग) रिकामा करून कोबा नव्याने, आणि मग अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवायचं. या काळात खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे दोनदा छत बघायला जायचं. त्यांच्या छताला ओल नाही हे त्यांनी चेअरमनना सांगितलं की निम्मी सोसायटी आपल्या बाजूची. ओल आलेल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग मारून विकणारेही आहेत, ते पावसाळ्याआधी विकतात. आम्ही जमलं तर पावसाळ्यात दाखवतो.

त्यानंतर वायरिंग. जुन्या फ्लॅटला एसी, गीझर, वॉशिंग मशिन, इंडक्शन एकदम चालतील अशी वायरच नसते. विजेचा माल तपकीर गल्लीतून, प्लायवूड टिंबर मार्केटमधून. लोखंडी खिडक्या काढून थ्री ट्रॅक अ‍ॅल्युमिनियम. कडाप्प्याच्या ओट्याच्या जागी ग्रॅनाइट. फरशी मोरबीची साधी फिकट, दोन बाय दोन. राडारोडा रोजच्या रोज उचलायचा, जिन्यात ठेवला तर संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो येतो. आणि दुपारी एक ते चार ड्रिल बंद. हा नियम उपविधीत कुठेही नाही, तरी तो मोडणारा माणूस मी पुण्यात अजून पाहिलेला नाही.

फॉल्स सीलिंग, वॉलपेपर, टीव्हीमागची लाकडी पट्ट्यांची भिंत यांवर आम्ही खर्च करत नाही. घेणाऱ्याची सून ते सगळं काढूनच टाकते. लोड बेअरिंग, म्हणजे भिंतींवरच उभ्या असलेल्या इमारतीत तर एकही भिंत हलवत नाही, व्हिडिओत काहीही दाखवोत. “हॉल मोठा करून द्या” म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दादा सरळ नाही म्हणतो.

फ्लॅट बघायला जाण्याआधी मी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या इमारतीचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे गोषवारे, काढते. शेजाऱ्याने “आमच्याकडे नव्वद लाखांना गेला” सांगितलेला फ्लॅट तिथे पुष्कळदा बहात्तरचा निघतो. दुसरं, त्या इमारतीत अलीकडे कुठल्या बँकेने कर्ज दिलंय का ते विचारते. आपल्याला मिळणाऱ्या कर्जापेक्षा पुढच्या गिऱ्हाइकाला मिळणारं कर्ज महत्त्वाचं. इमारतीचं भोगवटापत्र (वापराला परवानगी दिल्याचा महापालिकेचा दाखला) नसेल तर पुढे जातच नाही.

आणि तिसरं, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं. पुनर्विकासाचा विषय एकदा पटलावर आला की मालकाच्या किमतीत नव्या इमारतीतल्या जादा चौरस फुटांची आशा मिसळलेली असते. ती विकत घ्यायला आपल्याकडे पैसे नसतात, आणि पडणार असलेल्या इमारतीत ग्रॅनाइट बसवायला गिऱ्हाईक एक रुपया जास्त देत नाही. कोथरूडमधल्या बऱ्याच जुन्या सोसायट्या आम्ही याच कारणाने सोडल्या.

आयकराचं थोडक्यात. चोवीस महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर. त्यानंतर विकलं तर दीर्घ मुदतीचा, साडेबारा टक्के. पण वर्षाला एक-दोन फ्लॅट असे फिरवायला लागलात की खातं याला धंदा म्हणू शकतं, मग हिशोबाच्या वह्या, व्याज-दुरुस्तीची बिलं सगळं त्या पद्धतीने ठेवावं लागतं. आमच्या सीएने पहिल्याच व्यवहाराला ते ठरवून टाकलं. म्हणून गवंड्याला, सुताराला सगळे पैसे खात्यावरच. वरचे काळे पैसे मागणाऱ्या मालकाशी बोलणं तिथेच संपतं, कारण खरेदीची किंमत कागदावर कमी दाखवली की विकताना तो फरक आपला नफा म्हणून दिसतो आणि त्यावर कर आपण भरतो. नीती बाजूला ठेवली तरी हा तोट्याचा व्यवहार आहे.

सध्या बिबवेवाडीतला एक वन बीएचके बघून ठेवलाय. दोन भाऊ, एक काका, १९८७ चा करारनामा, त्यावर मुद्रांक कमी भरलेला. अशा दस्तांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये अभय योजना आली होती, दंडात मोठी सूट होती, तेव्हा यांनी अर्ज केला नाही. आता पूर्ण फरक आणि दंड भरावा लागेल, आणि तो कुणी भरायचा यावर काका अडून बसलेत. विसार मी अजून दिलेला नाही.