तुम्ही विचारलंत म्हणून : "हे कुणाकडून आलं?"

माझ्याकडून.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुमचं लक्ष त्यात अडकून राहणार नाही. माझ्या मुलाला जन्मतः प्रतिकारशक्ती नव्हती. या आजाराला स्किड म्हणतात. दोष होता तो एक्स गुणसूत्रावरच्या आयएल-2-आरजी या जनुकात, आणि मुलाला एक्स मिळतं ते आईकडूनच. तेव्हा त्याच्या बाबांच्या घरात कोण लहानपणी किती आजारी पडायचं, याची उजळणी आता पुरे.

हा प्रश्न मला इतक्या तऱ्हांनी विचारला गेलाय की समोरच्याने "एक विचारू का, रागावणार नाही ना?" असं म्हटलं की पुढचं मला कळतं. कुणी काळजीने विचारतं, कुणी उलटतपासणी घेतल्यासारखं. आजार समजून घ्यायचा असतो थोड्यांना. बाकीच्यांना फक्त बाजू हवी असते, तुमची की त्यांची. काचेच्या खोलीचं, मास्कचं, हात धुण्याचं तुम्हाला सगळं ठाऊक आहे, ते पुन्हा सांगत नाही.

सुरुवातीला मी "कुणाकडूनच नाही" असं सांगायचे. त्याला आधार होता. माझ्या आईची तपासणी झाली, तिच्या रक्तात तो बदल नव्हता. म्हणजे तो माझ्यापासून सुरू झाला, मी ज्या दोन पेशींपासून झाले त्यांतल्या एकीत. असं होतच असतं. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञांनी 1935 साली हीमोफिलियाबद्दल, रक्त न गोठण्याच्या आजाराबद्दल, हेच मांडलं होतं: ज्या मुलांना आजार होतो ती फारशी वंश वाढवत नाहीत, तरी आजार संपत नाही, म्हणजे तो कुठे ना कुठे नव्याने तयार होत असला पाहिजे. मी अशीच एक 'कुठे ना कुठे' आहे. तेव्हाची मी आज समोर आली तर तिला म्हणेन, बाई गं, आईचा रिपोर्ट चांगला आला म्हणून तुझा चांगला होत नाही. ती म्हणेल, जे मी केलं नाही त्याला 'माझ्याकडून' कशाला म्हणू? तिचंही चूक नाही.

आईचा रिपोर्ट आला त्या दिवशी ती कागद हातात धरून खूप रडली आणि मग तिला गाढ झोप लागली. कित्येक दिवसांनी. मी जागी होते आणि मला तिच्या त्या झोपेचा राग आला. हे तिला मी आजवर सांगितलेलं नाही.

पण तुम्हाला उत्तर हवं असेल तर रिपोर्टच्या आधीची एक संध्याकाळ सांगायला हवी. बाळ पाच महिन्यांचं होतं. तोंडातला पांढरा थर औषध लावलं की जायचा, चार दिवसांनी परत. वजन थांबलेलं. न्यूमोनिया हटत नव्हता. आधीच्या दवाखान्यातला सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद आम्ही सोबत नेला होता: लिम्फोसाइट्स, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 1400, शेजारी छापलेली नॉर्मल रेंज 1000 ते 4000. सगळं जागच्या जागी. दुसऱ्या रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तो कागद पाहिला, पेन काढलं आणि गोल केला तो आकड्याभोवती नाही, त्या रेंजभोवती. "ही मोठ्या माणसांची आहे," त्या म्हणाल्या. तान्ह्या बाळात 3000 च्या खाली आकडा गेला तरी थांबून बघायला हवं.

मग त्यांनी विचारलं, "अंगावर पाजता?"

"हो. फक्त अंगावरचंच," मी म्हणाले, अभिमानाने.

"आत्तापासून बंद करा."

त्यांनी समजावलं, अगदी शांतपणे. सीएमव्ही नावाचा विषाणू बहुतेक मोठ्या माणसांना कधीतरी होऊन गेलेला असतो. तो शरीरात झोपून राहतो आणि आईच्या दुधात उतरतो. धडधाकट बाळाला त्याचं सहसा काही होत नाही. पण याच्या अंगात टी पेशी, म्हणजे विषाणूंना रोखणाऱ्या लिम्फोसाइट्स, नसतील, तर तोच विषाणू फुप्फुसांत, यकृतात, डोळ्यांत जाऊन बसेल. माझं रक्त घेतलं. निकाल येईपर्यंत दूध नाही. आणि निकाल आला तो पॉझिटिव्ह.

त्या रात्री त्याने बाटली घेतली नाही. मी धरली, तो तोंड फिरवायचा आणि माझ्या छातीकडे वळायचा. ऑक्सिजनची नळी नाकाला चिकटवलेली, ती दर वेळी निसटायची. शेवटी नर्स म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा. तुमचा वास येतोय त्याला." मी कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. समोरून झगा भिजलेला. आतून रडणं ऐकू येत होतं, मग चढलं, मग बसलं, मग चोखण्याचा आवाज. त्याने बाटली पहिल्यांदा घेतली ती मी खोलीत नसताना. पुढे पान्हा आटेपर्यंत मी दूध काढून बेसिनमध्ये ओतत होते. आधी नळ मोठा सोडायचे, म्हणजे ते वाहताना दिसू नये.

माझा विषाणू त्याच्यापर्यंत पोचला नव्हता, हे नंतर तपासणीत कळलं. पण माझं दुसरं काही पोचलं होतं. त्याच्या अंगावर लालसर पुरळ होतं, ते जाईना. आणि टी पेशी जवळजवळ नसायला हव्यात तिथे थोड्या सापडत होत्या, म्हणून निदान अडलं होतं. त्या पेशींचा डीएनए तपासला. त्या त्याच्या नव्हत्याच, माझ्या होत्या. गरोदरपणात आईच्या थोड्या पेशी वारेतून बाळात जातात. निरोगी बाळ त्यांना वाढू देत नाही. याच्याकडे त्यांना हाकलणारं कुणी नव्हतं. त्या राहिल्या, वाढल्या आणि त्याची कातडी परकी समजून तिच्यावर उठल्या.

दोष माझा, दूध माझं, पुरळ माझं. तुम्ही "कुणाकडून" म्हणता तेव्हा माझ्या डोक्यात ही यादी चालू असते.

आणि अस्थिमज्जेची दाताही मीच. भावंड नव्हतं, जुळणारा परका दाता मिळाला नाही. मग अर्ध्या जुळणीचं प्रत्यारोपण, आई किंवा वडिलांच्या मज्जेतून टी पेशी काढून टाकून. ही वाट 1980 च्या दशकात खुली झाली. त्याआधी, 1968 पासून, पूर्ण जुळणारं भावंड असेल तरच आशा असायची. बाबांऐवजी मला निवडलं, कारण त्याच्या अंगात आधीच वस्ती केलेल्या माझ्या पेशींनी बाबांच्या पेशींशी भांडण काढलं असतं.

"पण दोष तर तुमच्यातच ना?" हे लगेच येतं, म्हणून सांगते. माझ्या प्रत्येक पेशीत दोन एक्स आहेत, त्यांतलं एकच चालू असतं. मज्जेतल्या ज्या मूळ पेशींपासून रक्त तयार होतं, त्यांतल्या साधारण निम्म्यांत दोषी एक्स चालू आहे. पण त्यांच्यापासून टी पेशी तयारच होऊ शकत नाहीत. म्हणून माझ्या रक्तातली प्रत्येक टी पेशी चांगलं एक्स वापरणारी आहे. निम्म्या मूळ पेशी पुरल्या. त्याला पुरल्या.

यावर लोकांचे डोळे भरून येतात. "म्हणजे तुम्हीच दिलं आणि तुम्हीच वाचवलंत!" कृपा करून हा हिशेब मांडू नका. तो जुळत नाही, आणि जुळला असता तरी मला नको होता. मला भूल दिली होती, मी झोपले होते. वाचवलं ते ज्यांनी ही पद्धत बसवायला वर्षानुवर्षं घालवली त्यांनी, आणि जी मुलं आधी गेली त्यांनी. तुम्ही मला प्लास्टिकच्या फुग्यात वाढलेल्या, याच आजाराच्या डेव्हिड व्हेटरचे फोटो पाठवता. त्याला 1983 साली बहिणीची मज्जा दिली. तिच्यात एक झोपलेला विषाणू होता, तो कुणाला दिसला नाही, आणि 1984 च्या फेब्रुवारीत बारा वर्षांचा डेव्हिड गेला. त्याला ज्या जनुकाने मारलं ते सापडलं 1993 साली. माझ्या मज्जेत काय काय शोधायचं हे आमच्या डॉक्टरांना ठाऊक होतं ते अशा मुलांमुळे.

जीन थेरपीबद्दलही विचारता. तिच्यात दाता लागत नाही, बाळाच्याच पेशी दुरुस्त करून परत देतात. पॅरिसमध्ये ते 2000 साली यशस्वी झालं आणि मग त्यांतल्या काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला, कारण नवं जनुक नको त्या ठिकाणी जाऊन बसलं. आता ते जनुक पेशीत नेणारे वाहक विषाणू सुधारले आहेत. न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्या बाळाला घेऊन आम्ही त्या उपचाराची वाट बघू शकलो नसतो.

तुम्ही एक प्रश्न कधीच विचारत नाही: इतका उशीर का झाला? त्यावर मी तासभर बोलेन. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या थेंबावर एक चाचणी होते, ट्रेक. छातीतल्या थायमस ग्रंथीत नवी टी पेशी घडताना डीएनएचं एक छोटं वर्तुळ उरतं, ते मोजायचं. पेशी जुनी होऊन वाढत गेली की ते विरळ होत जातं. म्हणजे माझ्या जुन्या, पिकलेल्या पेशींनी मोजणीला फसवलं, या चाचणीला फसवलं नसतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने 2008 मध्ये सगळ्या नवजात बाळांसाठी ती सुरू केली, 2018 अखेर सगळ्या राज्यांत होती. आणि फरक केवढा पडतो पाहा. 2014 साली अमेरिका-कॅनडातल्या 240 बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्यांपैकी 94 टक्के पाच वर्षांनी हयात होती. उशीर झालेला, अंगात संसर्ग चालू, जुळणारं भावंड नाही, अशांत 50 टक्के. आम्ही कोणत्या गटात होतो ते तुम्हाला आता कळेल.

आता जे मला सांगायला सर्वांत जड जातं ते. तुमच्या प्रश्नाचा मला संताप येतो आणि तोच प्रश्न मी स्वतः विचारलाय. धाकट्या बहिणीला. आईचं रक्त चांगलं आलं तरी धोका शून्य होत नाही. बदल माझ्या आईच्या काही बीजांडांपुरता किंवा माझ्या वडिलांच्या काही शुक्रजंतूंपुरता असू शकतो, तो रक्तात दिसत नाही. बहिणीचं नुकतंच लग्न झालं होतं. मी तिला म्हटलं, "तपासून घे."

"ताई, म्हणजे आता माझ्याकडेही बोट?"

बोट नव्हतं. पण तिला ते बोटच दिसलं, जसं मला तुमचं दिसतं. तिने तपासणी केली, रिपोर्ट चांगला आला, आणि त्यानंतर बरेच महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तरी पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा विचारेन. जन्माला यायच्या बाळासाठी 'कुणाकडून' हे माहीत असणं म्हणजे पहिल्या दिवशी निदान, बीसीजीसारखी जिवंत लस थांबवणं, वेळेत दाता शोधणं. म्हणजे हा प्रश्न वाईट नाही हे मला मान्य करावं लागतं, आणि तो ऐकला की माझा घसा दाटतो हेही खरं.

मुलगा आता शाळेत जातो, धावतो, पडतो. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी त्याच्याच राहिल्यात, त्या काम करत नाहीत, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी हजारो अनोळखी लोकांच्या रक्तद्रवातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, त्याला देतात. आणि एक गोष्ट आम्ही अजून त्याला सांगितलेली नाही. प्रत्यारोपणाने टी पेशी बदलल्या, शुक्रजंतू बदलले नाहीत. त्याला मुलगे झाले तर एकाकडेही हा दोष जाणार नाही. मुली झाल्या तर प्रत्येकीकडे जाईल. त्याचे बाबा म्हणतात, अठरा पूर्ण होऊ देत. मी म्हणते, ज्या दिवशी वर्गात एक्स आणि वाय शिकवतील त्याच दिवशी तो घरी येऊन विचारेल, त्याआधी आपण सांगायला हवं. बाबांचं म्हणणं, दहा-अकरा वर्षांच्या मुलाने आपल्या न झालेल्या मुलींची काळजी का करावी? याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तरी मला त्यांचं पटत नाही.