एक तुकडा जास्त

कर, पोळ्याचा दुसरा दिवस. रात्रीचे साडेदहा. लाइन आहे.

सकाळी मारबत, गावाची पिडा न्यायचा तो पुतळा, गेली. 'ईडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडत पोट्टे गल्लीतून पळाले, मी अंथरुणातूनच ऐकलं. मग चहाचा कप घेऊन फळीपाशी गेलो, तर माझ्या लेगोच्या घरात, म्हणजे प्लास्टिकच्या जोडविटांनी केलेल्या आमच्या घराच्या नमुन्यात, एक तुकडा जास्त.

लाल. एक बाय चारची वीट. अंगणात, विहीर आणि कडुनिंबाच्या मधल्या जागेत, आडवी. खऱ्या अंगणात भिंत आहे तिथेच.

करीचा दिवस, बैल जुंपायचे नाहीत. बैल मोकळे म्हणून मी मोकळा, आणि मोकळं डोकं दिवसभर त्या एका विटेवर बसून राहिलं. दादाचा फोन आला होता. त्याचं नंतर लिहीन.

माप मीच धरलं होतं. लेगोच्या एका बटणापासून पुढच्या बटणापर्यंत 8 मिलिमीटर, ते झाले पाच फूट. वीट 9.6 मिलिमीटर उंच, म्हणजे बरोबर सहा फूट. पातळ प्लेट विटेचा तिसरा हिस्सा, 3.2, म्हणजे दोन फूट. डेन्मार्कचं माप आपल्या फुटात इतकं सरळ उतरलेलं पाहून मी त्या रात्री एकटाच हसलो होतो. घर आठ बटणं बाय सहा, म्हणजे चाळीस फूट बाय तीस. काडेपेटीपेक्षा थोडंसं मोठं. कवेलूसाठी एका बटणाचे छोटे उतार, त्याला ते लोक चीज स्लोप म्हणतात. कोठ्यावर, म्हणजे गोठ्यावर, तपकिरी. विहिरीला मधे भोक असलेला गोल तुकडा. कडुनिंब म्हणजे तीन हिरवी फुलं एकावर एक. बंडी दोन बटणांची. बैल म्हणजे दोन पांढऱ्या प्लेटा, एक बटण एक बैल. सगळे मिळून 143 तुकडे. तयार झालं तेव्हा बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "इहीर बरोबर हाये."

आता 144.

वीट नुसती ठेवलेली नाही, दाबून बसवलेली आहे. टक असा आवाज येईपर्यंत. पोटातल्या बारीक दांड्यांनी चारही बटणं धरली आहेत. यात्रेतल्या पुड्यातली असती तर फुंकरीनं पडली असती, पण ही पुण्याच्या डब्यातली. या पकडीचं पेटंट 1958 चं, आणि त्या सालची वीट आजच्या विटेत अजून बसते. आठ बटणांच्या सहा विटा घेतल्या तर त्या म्हणे 91,51,03,765 तऱ्हांनी जोडता येतात. गणित त्यांचंच, मी मोजायला गेलो नाही. एवढ्या तऱ्हा असताना हा तुकडा नेमका तिथे लागतो.

मग मीच मला समजावलं की बाबा रे, मोकळी चार बटणं अंगणात दुसरीकडे होती कुठे? विहिरीपासून झाडापर्यंत नेमकी चार. कोणीही लावली असती तरी तिथेच बसली असती. पटलं. पाच मिनिटं पटलेलं राहिलं.

संध्याकाळी गोलू तान्हा पोळा घेऊन आला. पलीकडून, फाटकातून नाही, नेहमीसारखा चढून. बैलाला चाकं, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. बोजारा, पोळ्याची ओवाळणी, दिला. दहाची नोट पाहून त्यानं तोंड वाकडं केलं, मग वीस दिले. बैल फळीवर ठेवून म्हणाला, "याले आंगनात बांधू का?" आणि ठेवलासुद्धा. बैलाचं एक चाक विहिरीवर, एक कोठ्यावर, वशिंड आढ्याच्या वर. माझं अख्खं घर त्याच्या पोटाखाली. मला इतकं हसू आलं की विचारायचं तेच विसरलो. नंतर विचारलं तर म्हणे, "म्या नाही लावलं. तुमच्या खेळण्याले हात लावला तं आई मारते."

माझ्या खेळण्याला. बरं.

बैल आमच्याच सुतारानं केलेला. लेगोवालाही मुळात सुतारच होता, ओले कर्क क्रिस्तियान्सेन, बिलुंड नावाच्या गावातला. 1932 पासून लाकडाची खेळणी करायचा, प्लास्टिक फार नंतर आलं. हे मी गोलूला सांगितलं. त्यानं विचारलं, तो बैल करायचा का? बदक करायचा, म्हटलं. त्याचा रस संपला.

जेवताना बाबांना विचारलं. सरळ नाही, असंच, आमटी वाढून घेता घेता. "बाबा, अंगणात काही लावलं का तुम्ही?"

ते म्हणाले, "कोणत्या आंगनात?"

आणि पोळी मोडून दुधात कुस्करायला लागले. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तूप वाढलं.

त्यांनी लावली असेल तर का लावली, हा प्रश्न नाहीच. आहे ती आहे, मग दाखवायला नको? विहीर बरोबर पाहिजे, कोठ्याचं तोंड पूर्वेला पाहिजे, मग तीच तेवढी का नको. मला लागलं ते वेगळंच. मागची पानं उलटून पाहिली. श्रावण लागल्यावरच्या एका रात्री मी लिहून ठेवलंय: 'भिंत नऊ इंची. या मापात सव्वा मिलिमीटर होते. एवढं पातळ काही येत नाही. मापात बसत नाही, सोडली.'

हिशेब बरोबर आहे. पुन्हा करून पाहिला, सव्वाला किंचित कमीच येते. पण त्याच पानावर खाली लिहिलंय: 'तुळस लावली, छान दिसते.' आमचं वृंदावन दोन फुटी. मी लावलेला गोल तुकडा एका बटणाचा, म्हणजे माझी तुळस पाच फूट रुंद आहे. बैल? पाच फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट उंच, चौरंगासारखे. तेव्हा मापाची आठवण झाली नाही. जे हवं होतं ते फुगवून बसवलं, आणि जे नको होतं ते मापात बसेना. मायक्रोस्केलमध्ये, म्हणजे इतक्या बारक्या मापात, काय गाळायचं हेच तर सगळं कसब, असं मी पुण्यात लोकांना तोंड वर करून सांगायचो. कसब!

सदतिसावं लागेल मला पुढच्या महिन्यात. सोबतच्या पोरांनी खऱ्या विटा पाडून घेतल्या, स्लॅब टाकले, एकानं तर वर टाकीसुद्धा फुटबॉलच्या आकाराची बसवली. मी दीड वर्षात 64 मिलिमीटरचं घर बांधलं, तेही जुनं, तेही खोटं. कोणी विचारलं की सध्या काय चाललंय, तर आई मधेच सांगते, "वावर पायते." ती मधे पडते तेव्हा सगळ्यात जास्त लागतं. काल पोळ्यात तोरणाखाली आमची जोडी एकीकडे आणि भिंतीपलीकडच्यांची दुसरीकडे उभी होती, आणि मी बैलाचा कासरा धरून मनात कशाचा विचार करत होतो, तर पांढऱ्या प्लेटा संपल्यात याचा.

जाऊ दे. रेती आणली नाही, मिस्त्रीच्या मागे फिरलो नाही, ग्रामपंचायतीचा दाखला लागला नाही. एवढं स्वस्तात घर गावात कोणाचं झालं?

आता नवाच घोळ. ती वीट आहे तशी ठेवली तर भिंत पाच फूट जाड होते. वीस फूट लांब, सहा फूट उंच, हे दोन्ही ठीक, जवळपास खरंच. पण पाच फूट जाड! गाविलगडाचा तट आहे का? तेवढी तर नाही ना ती. नऊ इंची आहे, तीही एका बाजूनं प्लास्टर नसलेली. गोलू रोज चढून येतो तिच्यावरून.

पातळ करता येते. प्लेट आडवी न लावता कडेवर उभी करायची, तिला धरायला बाजूला बटण असलेली वीट लागते. पाच प्लेटा म्हणजे बरोबर दोन बटणं, 16 मिलिमीटर, त्यामुळे उभं-आडवं कुठे तरी जुळून येतं. कडेवरची प्लेट म्हणजे दोन फूट जाड. नऊ इंच नाही, पण तट तरी नाही. तशी वीट डब्यात एकच सापडली, पिवळी. पिवळी तर पिवळी.

लाल वीट निघेना. तुकडे सुटे करायचा तो नारिंगी चिमटा पुण्यातच राहिला. नखानं पाहिलं, चमच्याच्या दांड्यानं पाहिलं, शेवटी दातानं धरून ओढली. वीट आली. तिच्याबरोबर बाजूची तुळस उडाली, टण्‌ करून कुठेतरी आपटली, आणि त्याच क्षणी लाइन गेली.

मोबाइलच्या उजेडात लिहितोय. पलंगाखाली पाहिलं, पायलीत पाहिलं, कोठीच्या मागे हात जात नाही. पाच फुटी तुळस, पण अंधारात तीळभर.

सकाळी आई झाडेल तेव्हा सापडेल. कुठे लावते, ते बघू.