कॉंकच्या उतारावर

फ्रान्समधल्या ल पुईला काळ्या मरियमचं दर्शन, सकाळची मास म्हणजे चर्चमधली प्रार्थना, निघणाऱ्यांना आशीर्वाद, कॅथेड्रलच्या पोटातून थेट रस्त्यावर उतरणाऱ्या त्या पायऱ्या, सगळं रीतसर झालं आणि वाट दाखवणाऱ्या लाल-पांढऱ्या पट्ट्या शोधत कॉंक गावाच्या दिशेने चालायला लागले. 950 साली गोदेस्काल्क नावाचे बिशप इथूनच स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला गेले, तेव्हापासून ही वाट चालू आहे. सोग गावात जेवोदांच्या जनावराच्या, म्हणजे लांडग्यासारख्या एका नरभक्षकाच्या, गोष्टी सगळे सांगत होते, 1764 ते 67 ह्या तीन वर्षांत त्याने ह्या डोंगरातली किती पोरं-बायका मारली वगैरे, मला भूक लागली होती, मी फार ऐकलं नाही.

मग ओब्राक. इथे मात्र किती दिवस चालले ते नीट वेगळं आठवत नाही, सगळं एकच लांब गवत झालंय. तेराशे मीटरवरचं पठार, झाड जवळपास नाही, दगडी बांधांच्या मधून ढोरांची जुनी वाट जाते आणि दोन्ही बाजूंना तांबूस रंगाच्या गाई, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड. मे महिन्याच्या शेवटी त्यांना खालच्या गावांतून वर चरायला आणतात, थंडी पडायच्या आत परत नेतात. ह्या माळावर धुकं आलं की माणूस हरवायचा, म्हणून बाराव्या शतकात आदालार नावाच्या फ्लेमिश सरदाराने ओब्राक गावात यात्रेकरूंसाठी मठ आणि दवाखाना बांधला, आणि धुक्यात, बर्फात तिथली घंटा वाजवत राहायचे, आवाजाच्या दिशेने चालत या म्हणून. ती घंटा अजून आहे. मी गेले तेव्हा लख्ख ऊन होतं तरी तिच्यासमोर उभी राहिले आणि हात आपोआप जोडले गेले, कोणीतरी रात्रभर दोरी ओढत बसलं असेल, न बघितलेल्या माणसासाठी.

ह्या वाटेवर मला सगळ्यात जास्त काय खुपत होतं तर शांतता. लोक चालतात, पण गप्प चालतात किंवा बुटांबद्दल बोलतात. टाळ नाही, मृदंग नाही, पुढच्या दिंडीचा आवाज मागे येतोय असं नाही. जून संपत आला होता, माऊलींची पालखी निघाली होती, आई आमच्या दिंडीत होती आणि मला टुलूजहून महिनाभर सुट्टी मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून तर मी ही वाट धरली होती. आईचा फोन दिंडीतून आला, मागे एवढा गलका की ती काय बोलतेय ते निम्मं कळलं नाही, "पायांना तेल लाव गं" तेवढं ऐकू आलं आणि मला रडू फुटलं, भर रस्त्यात, समोरून दोन बेल्जियन बायका येत होत्या त्यांनी बोंझूर म्हटलं आणि पुढे गेल्या.

त्या रात्री नास्बिनालच्या मुक्कामात आलिगो होतं, बटाटा आणि ताजं चीज घोटून घोटून केलेलं, कालथ्याने वर उचललं की हातभर तार निघते. ते खाऊन जीव शांत झाला. आणि मग खोलीतला तो उंच माणूस घोरायला लागला. तो माणूस मला पुढे प्रत्येक मुक्कामाला भेटला, त्याची बॅग रोज व्हॅनने पुढे जायची, तो मोकळ्या हाताने सगळ्यांच्या आधी पोचून खिडकीजवळची कॉट धरायचा. मला त्याचा मनापासून राग यायचा. सकाळी अभंग म्हणताना पण राग जायचा नाही.

सें-कोमचा पिळवटलेला कळस, एस्पालियोंचा लाल दगडांचा जुना पूल, एस्तांचा किल्ला, लॉत नदी. सुंदर आहे सगळं, फोटोत बघून घ्या.

गोलिन्याकहून कॉंक साधारण वीस-एकवीस किलोमीटर. एस्पेराकपर्यंत डावी टाच नुसती गरम झाली होती, सेनेर्गच्या चढावर ती फुटली. वरच्या सपाटीवर पोचले तेव्हा ऊन असं की डांबर चिकटत होतं, सावली नाही, बाटलीतलं पाणी कोमट, पाय टेकला की टाचेतून थेट कपाळात कळ. मी मोठ्याने ग्यानबा तुकाराम म्हणायला लागले, पावलाला एक शब्द, दुसऱ्या पावलाला दुसरा, दुखऱ्या पायावर तुकाराम येत होता. तसं बराच वेळ चालले. मग एका वस्तीत, चार घरं असतील, एका गोठ्याच्या बुटक्या भिंतीवर बसले आणि बूट काढला.

घरातून एक म्हातारी बाहेर आली, ऐंशीच्या पुढची नक्की, निळा गाऊन, पायात रबरी बूट, आणि आली तीच ओरडत. तुम्ही चालणारे लोक फाटक उघडं टाकून जाता, काल माझी वासरं रस्त्यावर गेली, शेजाऱ्याने आणून सोडली नसती तर काय केलं असतं, भिंतीचे दगड तुमच्या बसण्याने निसटतात, कागद टाकता. मी म्हटलं मॅडम, फाटक मी उघडलंच नाहीये. ते तिने ऐकलं असं वाटलं नाही. तिची नजर माझ्या मोज्यावर गेली होती, मोजा लाल झाला होता. ती वळली आणि आत गेली. मला वाटलं संपलं, आता उठावं, पण उठवेना.

ती परत आली ते पत्र्याचं घमेलं घेऊन, दोन्ही हातांनी धरलेलं, कडेने पाणी सांडत होतं. कोमट पाणी, त्यात मूठभर जाडं मीठ. भिंतीशेजारी घमेलं ठेवलं, लाकडी स्टूल आणलं, माझ्यासमोर बसली आणि काही न विचारता माझा पाय उचलून पाण्यात ठेवला. मी अहो नको नको म्हणत होते, मराठीतच म्हणत होते, फ्रेंच सुचेचना. मीठ झोंबलं आणि तोंडातून विठ्ठला निघालं. ती म्हणाली हो, झोंबणारच, थांब जरा.

किती वेळ गेला माहीत नाही. गोठ्यात माशा घोंघावत होत्या, कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता. तिने पाय बाहेर काढून स्वतःच्या मांडीवर घेतला, गाऊनवरच, पुसला, मग खिशातून सुई काढली, काडी पेटवून टोक तापवलं, पांढरा दोरा ओवला आणि दुसऱ्या टाचेवर जी फोड अजून फुटली नव्हती तिच्यातून आरपार नेऊन दोऱ्याची दोन्ही टोकं तशीच बाहेर सोडली, म्हणजे पाणी झिरपत राहतं आणि कातडी जागेवर राहते. अगदी हेच, सुई-दोरा, काडी, सगळं, आमच्या दिंडीतल्या काकूंना मी लोणंदच्या मुक्कामी करताना बघितलंय. वारीत कोणी पाय चेपायला बसलं की आपण संकोचतो आणि तरी पाय पुढे करतो, कारण तो आपला पाय नसतोच, माऊलींचा असतो. इथे ह्या बाईला कोणी हे शिकवलं होतं मला कळेना. मी वाकून तिच्या पायांना हात लावला, रबरी बुटांना, ती दचकली, मग तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, येताना काय गात होतात? मी परत म्हणून दाखवलं. ती ऐकत होती, सुई खिशात ठेवत. मग म्हणाली छान आहे, आणि जाताना फाटक लावा.

पैसे देऊ केले तर चिडली. नाव सांगितलं तिने, ते माझ्यापाशी राहू दे.

कॉंकचा उतार वाईट आहे, परतदार दगड, निसटते, झाडीतली वाट, आणि मग एकदम खाली पाटीच्या दगडांची छपरं दिसतात आणि मधे सांत फ्वाच्या मंदिराचे मनोरे. दऱ्याखोऱ्यांत एवढंसं गाव आणि एवढं मोठं मंदिर. सांत फ्वा म्हणजे आजाँची एक लहान मुलगी, धर्म सोडत नाही म्हणून मारली. नवव्या शतकात इथल्या एका साधूने आजाँहून तिच्या अस्थी गुपचूप उचलून आणल्या आणि तेव्हापासून ती कॉंकची. दारावरच्या कमानीत शेवटच्या न्यायाचं शिल्प आहे, 124 आकृत्या, तिथे मी लंगडत जाऊन उभी राहिले आणि आजूबाजूला बसमधून आलेली माणसं सेल्फी काढत होती, मला त्यांना ढकलावंसं वाटलं. मग दिसलं, स्वर्गाच्या बाजूला एका कोपऱ्यात सांत फ्वा गुडघ्यांवर वाकलीये आणि ढगातून देवाचा हात तिच्याकडे आलाय, आणि मागे बेड्या टांगल्यात, तिच्या नवसाने सुटलेल्या कैद्यांच्या. राग उतरला.

तिची सोन्याची मूर्ती खजिन्याच्या दालनात आहे, लाकडावर सोन्याचा पत्रा, शतकानुशतकं लोकांनी वाहिलेले खडे अंगभर जडवलेत. फ्रेंच क्रांतीत सरकारी माणसं सोनं जप्त करायला येणार म्हटल्यावर गावकऱ्यांनी खजिना घराघरांत लपवला आणि नंतर परत आणून दिला. एवढं सोनं, आणि दिलं परत! काचेला डोकं टेकून मी आईसाठी मागणं मागितलं. मंदिरातल्या खिडक्यांत रंग नाहीत, पिएर सुलाज ह्या जवळच्याच रोदेझच्या चित्रकाराने बसवलेल्या 104 खिडक्या, 1994 पासून, दुधाळ काच, संध्याकाळी ती आपोआप पिवळी होत जाते. रात्री प्रार्थनेनंतर साधूंनी सगळ्या चालणाऱ्यांना पुढे बोलावून आशीर्वाद दिला, घोरणारा माणूस माझ्या शेजारी उभा होता आणि रडत होता. मी त्याला पाण्याची बाटली दिली. रात्री तो परत घोरला, मला परत राग आला.

दुसऱ्या दिवशी दुर्दू नदीचा जुना पूल ओलांडून समोरचा चढ चढले, वर सांत फ्वाचीच एक छोटी देवळी आहे, तिथली घंटा वाजवली की खाली गावात ऐकू जाते म्हणतात. त्या म्हातारीसाठी वाजवली. तिथूनच आईला फोन लावला, पालखी तरडगावला होती, चांदोबाच्या लिंबाचं रिंगण होऊन गेलेलं, आई खुशीत. सगळं सांगितलं तर म्हणाली त्या बाईंना पंढरपूरचा बुक्का आणि तुळशीची माळ पाठव, मी आणते. पार्सलने नाही पाठवणार. 6 ऑक्टोबरला सांत फ्वाचा सण असतो, तेव्हा कॉंकला जाणारच आहे, अलीकडे सेनेर्गला उतरून वस्तीपर्यंत चालत जाईन आणि स्वतःच्या हाताने देईन.