मळीपायी

साखर कारखान्याच्या गावात ज्याचं बालपण गेलं, त्याला मळीचा वास समजावून सांगावा लागत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की तो आंबूस-गोड दर्प आधी रस्त्यावर येतो, मग दोरीवरच्या कपड्यांत आणि शेवटी उशीच्या अभ्र्यात मुक्काम ठोकतो. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे आणि आम्हाला कळायचं नाही, यांना झालंय काय. टँकरमधून सांडलेला काळा ओघळ चपलेला लागला तर घर येईपर्यंत प्रत्येक पावलाला चट् चट् आवाज. साखरेला देवघरात जागा होती, मळीला अंगणातसुद्धा नव्हती. त्यामुळे या चिकट घाणीपायी कोणे एके काळी राजे-रजवाडे भांडले होते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गावचा माणूस मोठ्या पदाला पोचल्यासारखा आनंद झाला होता.

गोष्ट अठराव्या शतकातल्या कॅरिबियन बेटांची. बार्बाडोस, जमैका इंग्रजांकडे; मार्टिनिक, ग्वादलूप आणि सगळ्यांत श्रीमंत सॅं-डोमिंग, म्हणजे आजचं हैती, फ्रेंचांकडे. उसाचा रस ओळीने मांडलेल्या तांब्याच्या कढयांतून आटवायचा आणि तळाला भोक असलेल्या मातीच्या निमुळत्या भांड्यांत ओतून आठवडेच्या आठवडे निथळत ठेवायचा. वर साखर राहते, खाली मळी ठिबकते. फ्रेंच बेटांवर या भांड्यांच्या तोंडावर ओल्या मातीचा थर देत. त्यातलं पाणी हळूहळू झिरपून साखर धुऊन काढी. साखर उजळ निघे आणि मळीही जास्त सुटे. हे सगळं करणारी माणसं आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली. हंगामात चरक रात्रीही चाले. डोळ्यावर झापड आली आणि हात चरकात गेला तर तो तोडून माणूस सोडवायला कुऱ्हाड जवळच ठेवलेली असे. या एका कुऱ्हाडीपुढे पुढचे सगळे तह आणि खलिते मला फिके वाटतात.

तर मळी. तिची रम होते. पण फ्रान्समध्ये द्राक्षांची ब्रँडी काढणारे बसले होते. त्यांच्या पोटावर पाय नको म्हणून १७१३ मध्ये फ्रेंच सरकारने मळीच्या दारूला मायदेशाची दारं बंद केली. झालं, बेटांवर मळी तुंबली. तिकडे उत्तरेला, अमेरिकेतल्या इंग्रजांच्याच वसाहतींत, बोस्टन आणि न्यूपोर्टमध्ये रमच्या भट्ट्या पेटल्या होत्या आणि त्यांना मळी कितीही आली तरी कमीच. तिथले व्यापारी लाकूड, घोडे आणि युरोपात कोणी घेणार नाही असली हलकी सुकी मासळी भरून फ्रेंच बेटांवर जात आणि पिंपंच्या पिंपं मळी घेऊन परतत. ती मासळी गुलामांच्या ताटात पडे. फ्रेंच मळी इंग्रज बेटांवरच्या मळीपेक्षा स्वस्त, त्यामुळे सौदा दोघांच्याही फायद्याचा.

बार्बाडोसच्या मळेवाल्यांचं मात्र पित्त खवळलं. आपलीच माणसं शत्रूच्या बेटांची भर करतायत म्हणून त्यांनी लंडनला अर्ज धाडले. पार्लमेंटात त्यांची माणसं होतीच. (सभागृहात ऊसवाल्यांचं किती चालतं, हे मराठी वाचकाला मी काय सांगावं!) १७३३ मध्ये कायदा झाला: परक्या मळीवर गॅलनला ६ पेन्स जकात. जकात कसली, बंदीच ती. प्रत्यक्षात मात्र कायदा कागदावर राहिला. जकात अधिकाऱ्याचा हात ओला केला की भागत असे आणि अंधाऱ्या खाड्याही पुष्कळ होत्या.

पुढे १७५६ साली इंग्लंड-फ्रान्समध्ये सात वर्षांचं युद्ध पेटलं, आणि इथून पुढचा भाग मला सर्वांत आवडतो. युद्धकैद्यांची अदलाबदल करायला पांढरं निशाण लावून जहाज पाठवायची रीत होती. अशा जहाजाला गव्हर्नरचा परवाना लागे. पेनसिल्वेनियाचे गव्हर्नर विल्यम डेनी यांनी हे परवाने चक्क विकायला काढले. मग एखाद-दुसरा फ्रेंच कैदी डेकवर दिसेल असा बसवायचा, खाली तळघरात माल ठासायचा आणि माणुसकीच्या कामाला निघाल्यासारखं शत्रूच्या बंदरात शिरायचं. त्या काळी फ्रेंच कैद्याला भाव आला असणार! ज्यांना एवढंही नाटक नको होतं, ते मॉन्टे क्रिस्टीला जात. हे सॅं-डोमिंगच्या हद्दीला लागून असलेलं स्पेनचं आडगावचं बंदर. स्पेन तेव्हा तटस्थ. या बंदरावर अचानक जहाजांची अशी गर्दी झाली की जणू तिथेच ऊस पिकतो. पलीकडून फ्रेंच मळी यायची, कागदावर ती स्पॅनिश व्हायची. डच जहाजंही फ्रेंच साखर वाहत होती. इंग्रज ती पकडत आणि 'शांततेत जो व्यापार तुम्हाला बंद होता, तो युद्धातही करता येणार नाही' असं डचांना सुनावत. डचांचे निषेधाचे खलिते येत राहिले. ऑगस्ट १७६० मध्ये मंत्री विल्यम पिट यांनी वसाहतींच्या सगळ्या गव्हर्नरांना खरमरीत पत्र लिहिलं, की तुमच्या या धंद्यावर शत्रू तग धरून आहे. ते खरंच होतं. आरमार ज्या बेटांची नाकेबंदी करत होतं, त्यांना आपलेच व्यापारी खाऊ घालत होते.

१७६३ च्या पॅरिसच्या तहात प्रश्न आला की जिंकलेल्यापैकी ठेवायचं काय: बर्फाळ कॅनडा की उसाचं ग्वादलूप? इंग्रजांनी कॅनडा ठेवला. कारणं बरीच होती, पण एक हेही, की ग्वादलूपची साखर कायमची साम्राज्यात आली तर भाव पडेल, ही जुन्या इंग्रज मळेवाल्यांची धास्ती. एवढा मोठा प्रदेश हातात आला आणि भाव टिकले म्हणून कोणी तरी लंडनमध्ये सुटकेचा नि:श्वास टाकला, याची मला गंमत वाटते.

मग १७६४ मध्ये जकात ३ पेन्सवर आली, पण या वेळी वसुलीला आरमार होतं. बोस्टन पेटलं. १७६६ मध्ये ती १ पेनीवर उतरली, तीही सगळ्याच मळीवर, स्वकीय-परकीय भेद न करता. तोवर राग फार पुढे गेला होता. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी म्हातारपणी, १८१८ मध्ये, पत्रात लिहिलं की अमेरिकेच्या स्वातंत्र्यात मळी हा आवश्यक घटक होता, हे कबूल करायला आपण लाजावं कशाला. माणूस स्पष्टवक्ता. पण न्यूपोर्टची रम पिंपं भरून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायची आणि तिच्या बदल्यात माणसं विकत घेतली जायची. लाजायला एवढं कारण पुरेसं होतं. स्वातंत्र्याच्या गप्पांत ते पिंप कोणी उघडत नाही.

(आपल्याकडे २०२४ च्या जानेवारीत मळीच्या निर्यातीवर ५० टक्के शुल्क लागलं, तेव्हा कारखान्यांचा आणि आसवन्यांचा हिशेब वाचताना मला हे सगळं आठवत होतं. आता भांडणात इथेनॉल आलंय, एवढंच.)

अमेरिका स्वतंत्र झाली आणि लंडनने १७८३ मध्ये ठरवलं: आता तुम्ही परके, आमच्या साखर-बेटांवर तुमची जहाजं नकोत. बेटांवर खाण्यापिण्याचे हाल सुरू झाले आणि त्यात पहिल्यांदा उपाशी राहिले ते गुलाम. मळेवाले, व्यापारी, स्थानिक अधिकारी, सगळेच अमेरिकन जहाजांकडे काणाडोळा करू लागले. इंग्रज आरमारातला एक तरुण कॅप्टन मात्र नियमावर बोट ठेवून बसला. त्याचं नाव होरेशियो नेल्सन. १७८५ मध्ये त्याने नेव्हिस बेटापाशी चार अमेरिकन जहाजं धरली. धरलेल्यांनी त्याच्यावरच ४०,००० पौंडांचा दावा ठोकला. किनाऱ्यावर उतरला तर अटक होणार, म्हणून हा गडी आठ आठवडे स्वतःच्याच जहाजावर अडकून पडला. त्याला १०,००० पौंडांना जामीन राहायला तयार झाले ते बेटाचे प्रमुख जॉन हर्बर्ट, जे स्वतः उसाचे मळेवाले! त्यांच्या घरी विधवा भाची राहत होती, फ्रान्सिस निस्बेट. मार्च १७८७ मध्ये हर्बर्ट यांच्या मळ्यावरच दोघांचं लग्न लागलं. कन्यादानाला खुद्द राजपुत्र विल्यम हेन्री. ज्याला बेटावर पाऊल टाकू द्यायचं नाही असं व्यापाऱ्यांनी ठरवलं होतं, तो बेटाचा जावई झाला.