एक वीस सोडून एक वीस

कॉलेजला शिष्यवृत्तीचे अर्ज मंजूर करायचं वेबपान आम्ही करून दिलं होतं. तिथल्या कार्यालयातल्या मॅडमचा फोन आला. "सर, तुमचं पान अर्ज गिळतंय." असं कोणी म्हटलं की आमच्याकडे ठरलेलं उत्तर असतं: ब्राउझरची कॅश, म्हणजे त्यात साठलेली जुनी पानं, साफ करून बघा. मीही तेच दिलं. आमच्या टीम लीडने तर "युजर एरर", म्हणजे वापरणाऱ्याची चूक, असं लिहून तक्रारीचं तिकीट बंदही केलं होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर त्यांनी रजिस्टर समोर सरकवलं. शिष्यवृत्तीचे १६० अर्ज, हाताने नोंदवलेले. १ ते २० ला मंजुरीची पेन्सिलची खूण, २१ ते ४० कोरे, ४१ ते ६० ला खूण, पुढचे वीस पुन्हा कोरे. स्क्रीनवर वीस-वीस अर्जांची चार पानं तपासून झाल्यावर पाचवं पान रिकामं आलं, म्हणून त्यांना वाटलं, संपलं काम. खिडकीशी मात्र मुलं भांडत होती.

खुणा बघून माझ्या पोटात गोळा आला. यादी होती प्रलंबित अर्जांची. पहिले वीस मंजूर केले की ते यादीतून जाणार आणि एकविसावा अर्ज पहिला होणार. 'पुढे'ची लिंक मात्र आपली 'पान दोन', म्हणजे पहिले वीस सोडून पुढचे दे, एवढंच डेटाबेसला सांगत राहिली. सोडलेले वीस कुणी पाहिलेच नव्हते. बरोबर निम्मे, ८० अर्ज राहिले. चाचणी मीच केली होती. पुढे, पुढे दाबत शेवटपर्यंत गेलो होतो. एकही अर्ज मंजूर न करता.

तिथेच बसून दुरुस्त केलं. लिंकमधून पान क्रमांक काढला. शेवटच्या दिसलेल्या अर्जाची तारीख आणि आयडी घातला. 'याच्यानंतरचे दे.' नुसती तारीख चालत नाही. शेवटच्या दिवशी निम्मं कॉलेज अर्ज भरतं आणि एकाच तारखेच्या ओळी डेटाबेस कोणत्या क्रमाने देईल याचा भरवसा नसतो. मागवायचे एकवीस, दाखवायचे वीस; एकविसावा आला तरच 'पुढे' दाखवायचं. 'मागे'साठी क्रम उलटा लावून वीस घ्यायचे आणि दाखवताना पुन्हा सुलटे करायचे. हा भाग लिहिताना मला अजूनही मजा येते.

मॅडमनी वीस मंजूर केले, 'पुढे' दाबलं. एकविसावा बरोबर आला. मग त्यांनी 'मागे' दाबलं. पान रिकामं.

"ते मंजूर झाले ना, आता दुसऱ्या यादीत गेले," मी म्हटलं.

"पण एकाचं उत्पन्न बघायचं राहिलं वाटतं. मला आत्ता होते तिथे जायचंय."

डेटाबेसच्या हिशेबाने मागे काहीच नव्हतं. त्यांच्या टेबलावर मात्र तपासलेला गठ्ठा डाव्या हाताला उपडा पडलेला होता. त्यांनी तो उचलला आणि वरून चौथा कागद काढला.